जुने गिऱ्हाईक आणि नवा सदोष फोन

१. प्रश्न कोठून येतो

एकाच दुकानातून वर्षानुवर्षे फोन घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा नवा फोन आठवड्याभरात बिघडला, तर दुकानदार तो लगेच बदलून का देत नाही? पांढुर्णा आणि सौंसर या गावांत या प्रश्नाला विशेष धार आहे, कारण तेथील किरकोळ व्यापार अजूनही बऱ्याच अंशी ओळखीवर चालतो. दुकानदाराला गिऱ्हाइकाचे घर माहीत असते, मागच्या पोळ्याला त्याने काय घेतले हे आठवत असते, आणि म्हणून गिऱ्हाइकालाही वाटते की इतक्या वर्षांच्या संबंधाचे काही मोल असावे. तशी अपेक्षा बाळगण्यात चूक काही नाही. मात्र ती अपेक्षा आणि कायद्याने मिळणारा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळ जुनी गिऱ्हाइके हातचा हक्क गमावून बसतात.

या प्रदेशाची रचनाही प्रश्न थोडा अवघड करते. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळ्या काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. घरची भाषा मराठी, कचेरीची भाषा हिंदी, मोठी बाजारपेठ नागपूरची आणि राज्याची राजधानी भोपाळ, अशी येथील माणसाची स्थिती आहे. त्यामुळे फोन नागपूरच्या सीताबर्डीवर घेतलेला, सर्व्हिस सेंटर नागपुरात किंवा छिंदवाड्यात, आणि तक्रारदार सौंसरचा, असा प्रकार येथे नित्याचा आहे. अशा वेळी दाद नेमकी कोठे मागायची, हे ठाऊक नसल्यामुळे माणूस हताश होतो. त्याचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे आणि ते पुढे येईल.

२. नवी वस्तूच का बिघडते

जुना फोन बिघडला तर कोणाला नवल वाटत नाही. नवा बिघडला की फसवणुकीचा संशय येतो. वास्तविक विद्युत उपकरणांच्या बाबतीत सुरुवातीचा काळच नाजूक असतो. संत्र्याची कलमे लावणाऱ्या शेतकऱ्याला हे सहज समजेल: ज्या कलमाचा डोळा नीट बसलेला नसतो किंवा ज्याचे मूळ दुखावलेले असते, ते पहिल्या काही महिन्यांतच सुकते, आणि जे तेवढा काळ तगते ते पुढे वर्षानुवर्षे उभे राहते. फोनमधील अर्धवट बसलेला डाक, पडद्याची सैल जोडणी किंवा बॅटरीतील दोष हेही असेच पहिल्या दिवसांतील वापराच्या उष्णतेने उघडे पडतात. कारखान्यातील तपासणीत असे बहुतेक नग गळतात, सर्व गळत नाहीत.

येथे एक भेद करावा लागतो. एखाद्याच नगात राहिलेला दोष वेगळा आणि संपूर्ण मॉडेलच्या घडणीतला किंवा एखाद्या पुरवठादाराच्या मालातला दोष वेगळा. दुसऱ्या प्रकाराची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबाबत जगभर इशारा दिला. मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या त्या इशाऱ्याच्या कक्षेत आल्या, आणि भारतातही लोक बॅटरी काढून तिच्यावरचा क्रमांक ताडून पाहू लागले. दुसरे उदाहरण २०१६ मधील सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चे: ऑगस्टमध्ये विक्रीस आलेले हे फोन पेट घेऊ लागल्यावर कंपनीने २ सप्टेंबरला ते परत मागवले व बदलून दिले, परंतु बदलून दिलेले फोनही पेटू लागल्याने ऑक्टोबरमध्ये त्या मॉडेलचे उत्पादनच थांबवावे लागले, पुढे जानेवारी २०१७ मध्ये जाहीर झालेल्या तपासात दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन निरनिराळे दोष आढळले. दोष मॉडेलचाच असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग घेऊन काही साधत नाही, पैसे परत घेणे हाच मार्ग उरतो, ही गोष्ट या प्रकरणावरून ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३. दुकानदाराचे हात कोठे बांधलेले असतात

कंपनीकडून माल वितरकाकडे आणि वितरकाकडून दुकानदाराकडे येतो, आणि दुकानदाराचा एका नगावरचा नफा बहुधा थोडा असतो. फोन पहिल्यांदा सुरू होऊन इंटरनेटशी जोडला गेला की त्याची नोंद कंपनीकडे होते. हिलाच बाजारात ‘ॲक्टिव्हेशन’ म्हणतात. त्यानंतर तो नग दुकानदाराला नवा म्हणून विकता येत नाही. तो बदलून दिला आणि वितरकाने परत घेतला नाही, तर नगाची सगळी किंमत दुकानदाराच्या अंगावर पडते. म्हणून तो गिऱ्हाइकाला सर्व्हिस सेंटरकडे पाठवतो, आणि ते प्रत्येक वेळी टाळाटाळीपोटीच असते असे नाही.

या अडचणीवर कंपन्यांनीच एक वाट ठेवलेली आहे. खोक्यातून काढल्यावर थोड्याच दिवसांत, बहुधा पहिल्या आठवड्यात, फोन निकामी ठरला तर सर्व्हिस सेंटर तपासून तसा दाखला देते. या दाखल्याला व्यवहारात ‘डीओए’ म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘हाती आला तेव्हाच निकामी’ असा आहे. हा दाखला मिळाला की वितरक दुकानदाराला आणि दुकानदार गिऱ्हाइकाला नवा नग देऊ शकतो. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि ती खोक्यातील कागदावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेली असते. जुन्या संबंधाचा खरा उपयोग येथे होतो. ओळखीचा दुकानदार स्वतः वितरकाला फोन करतो, नागपूरला जाणाऱ्या माणसाबरोबर नग पाठवतो, तोवर वापरायला एखादा जुना फोन देतो. ही त्याची आपुलकी असते आणि ती मोलाची आहे. परंतु “चार दिवस थांबा, मी पाहतो” या शब्दावर विसंबून गिऱ्हाईक दोन आठवडे थांबले, तर दाखल्याची मुदत उलटून जाते आणि बदलीचा प्रश्न दुरुस्तीचा होऊन बसतो. ज्याचा दुकानदारावर अधिक विश्वास, तोच अधिक थांबतो. निष्ठावान गिऱ्हाइकाचे नुकसान होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

४. वॉरंटी आणि कायदा

वॉरंटी म्हणजे ठरावीक काळात दोष निघाल्यास तो विनामूल्य दूर करून देण्याचे कंपनीचे वचन. तिच्या अटी कंपनीने लिहिलेल्या असतात आणि त्यांत दुरुस्ती करायची की भाग बदलायचा हे ठरवण्याचा अधिकार कंपनी बहुधा स्वतःकडे ठेवते. बदलून दिलेला भाग किंवा नग ‘नूतनीकृत’, म्हणजे आधी वापरून पुन्हा दुरुस्त केलेला, असू शकतो असेही कित्येकदा लिहिलेले असते. पुष्कळ लोक याच कागदाला कायदा समजतात.

कायदा त्याहून मोठा आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमानुसार व्यापाऱ्याने विकलेला माल सामान्यतः विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट न लिहिताही करारात गृहीत धरली जाते. त्यानंतर १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. तो येण्यामागे जी लोकचळवळ होती तिच्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे: बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. सामान्य गिऱ्हाइकाने संघटितपणे बाजाराला जाब विचारावा, हा विचार त्या काळी बराच नवा होता, आणि आज मिळणाऱ्या हक्कांचा उपभोग घेताना त्या कार्यकर्त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. सध्या लागू असलेला कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्यात ‘दोष’ म्हणजे कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने अपेक्षित असलेल्या गुणवत्तेत, प्रमाणात किंवा दर्जात असलेली कोणतीही उणीव. दोष सिद्ध झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग तो दूर करण्याचा, त्याच वर्णनाची नवी निर्दोष वस्तू देण्याचा, किंमत परत करण्याचा किंवा भरपाई देण्याचा आदेश देऊ शकतो. कायद्याने येथे ‘नवी’ हा शब्द वापरलेला आहे, नूतनीकृत नव्हे. याखेरीज अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत दोन कलमे अशी आहेत की ती प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडपाठ असावीत. पहिले, विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित प्रथा आहे. दुसरे, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे हीही अनुचित प्रथा आहे. दुकानात टांगलेली “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी निर्दोष मालाला लागू पडेल. सदोष मालाच्या बाबतीत तिचा आधार विक्रेत्याला घेता येत नाही.

या संपूर्ण कायद्यात ‘जुने गिऱ्हाईक’ अशी कोणतीही वर्गवारी नाही. दहावा फोन घेणारा आणि पहिला फोन घेणारा यांचे हक्क तंतोतंत सारखे आहेत, आणि ते त्या एका खरेदीच्या बिलातून व तक्रारीच्या पहिल्या तारखेतून निर्माण होतात. यात कोरडेपणा वाटेल, पण गरिबाच्या बाजूने पाहिले तर हीच त्यातली मोठी गोष्ट आहे: ज्याची दुकानात ओळख नाही, त्यालाही तोच न्याय.

५. दुरुस्ती पुरे की बदलीच हवी

दोष निघाला की नवी वस्तू मिळालीच पाहिजे, असे मात्र न्यायालये मानत नाहीत. मारुती उद्योगच्या एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये असे ठरवले की वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल, तर त्या आधारावर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. फोनलाही हाच तर्क लावला जातो. चार्जिंगची जोडणी एकदा बिघडली, ती बदलली आणि फोन नीट चालू लागला, तर बदलीचा दावा दुबळा ठरतो. उलट तोच दोष दुरुस्तीनंतर पुन्हापुन्हा उद्‌भवला, तर तो मुळातून, म्हणजे उत्पादनातच आहे, असे दाखवता येते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सौंसरच्या एका ग्राहकाने १ मार्चला १६,००० रुपयांचा फोन घेतला आणि ४ मार्चपासून तो तापून आपोआप बंद पडू लागला. ६ मार्चला सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर नवे घालून फोन परत दिला. २० मार्चला तोच दोष पुन्हा आला आणि मदरबोर्ड, म्हणजे फोनची मुख्य पाटी, बदलण्यात आली. १० एप्रिलला फोन तिसऱ्यांदा जमा झाला. या तिन्ही खेपांना मिळालेल्या जॉब-शीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या पोचपावतीवर, ‘तापतो व बंद पडतो’ हीच तक्रार लिहिलेली असेल, तर ४० दिवसांत तीन वेळा तोच दोष हे कागदच बोलतात. पण पहिल्या खेपेस सेंटरने पावती न देता “अपडेट मारून दिले” एवढेच सांगितले, आणि दुसऱ्या पावतीवर ‘सामान्य तपासणी’ असे लिहिले गेले, तर तोच ग्राहक आयोगापुढे रिकाम्या हाताने उभा राहतो. जॉब-शीटवरील तक्रारीचा मजकूर म्हणूनच स्वतः वाचावा, चुकीचा असल्यास तेथेच दुरुस्त करून घ्यावा, आणि फोन बंद पडतानाचे चित्रण दुसऱ्या फोनवर करून ठेवावे.

कागद पुरेसे नसतील आणि दोष तपासणीखेरीज ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि त्यासाठीचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागू शकते. स्वस्त फोनच्या बाबतीत हा खर्च विचारात घेण्याजोगा असतो.

६. सेंटर जेव्हा दोष ग्राहकावर ढकलते

नकाराचे सर्वांत वारंवार ऐकू येणारे कारण म्हणजे ‘पाणी गेले आहे’. अनेक फोनच्या आत एक पांढरी चिकटपट्टी असते. ती ओली झाली की लाल किंवा गुलाबी होते आणि ती पाहून वॉरंटी नाकारली जाते. पट्टी लाल असणे हा ओलावा लागल्याचा पुरावा आहे. दोष त्याच ओलाव्याने आला, हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही. म्हणून नकार लेखी मागावा, पट्टीचे छायाचित्र आपल्यासमोर काढायला सांगावे आणि फोन जमा करतानाची बाहेरून दिसणारी अवस्था पावतीवर नोंदवून घ्यावी.

दुसरी अडचण हप्त्यांची. फोन कर्जावर घेतला असेल तर विक्रीचा व्यवहार दुकानदाराशी आणि कर्जाचा करार वित्तकंपनीशी असतो. फोन बिघडला म्हणून हप्ता थांबवला तर दंड लागतो आणि पुढे कर्ज मिळवताना नोंद आड येते. तेव्हा हप्ते भरत राहावेत आणि भरलेल्या व्याजाची मागणी भरपाईत करावी.

तिसरा आक्षेप बागायतदारांच्या बाबतीत येऊ शकतो. संत्र्याचे भाव विचारायला, व्यापाऱ्याशी बोलायला आणि पैसे घ्यायला हाच फोन वापरला जातो, म्हणून खरेदी ‘व्यापारी हेतूने’ झाली आणि तो माणूस ग्राहक नाही, असा युक्तिवाद केला जातो. कायद्याने त्याला आधीच उत्तर देऊन ठेवले आहे: स्वयंरोजगाराने केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही.

७. नागपूरचे दुकान, सौंसरचे घर

जुन्या कायद्यात तक्रार मुख्यतः विक्रेता किंवा कंपनी जेथे असेल, अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल, तेथे करावी लागे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ ने ग्राहक स्वतः जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. सीमेवरच्या माणसासाठी याहून उपयोगी तरतूद या कायद्यात दुसरी नाही. सीताबर्डीवर फोन घेतलेल्या सौंसरच्या ग्राहकाला नागपूरचे खेटे घालण्याची गरज उरत नाही. या भागाचे आयोगाचे काम छिंदवाड्याहून चालत आले आहे. फोन ऑनलाइन घेतला असला तरी हीच मुभा आहे, शिवाय २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्या ऑनलाइन विक्री संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे.

तक्रार कोणाविरुद्ध करायची? दुकानदार आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही, आणि दुरुस्तीत कुचराई झाली असल्यास सर्व्हिस सेंटरलाही, विरुद्ध पक्ष करावे. गोव्यातील एका प्रकरणात विक्रेत्याने जुन्या वर्षाची मोटार नवी म्हणून ग्राहकाच्या माथी मारली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विक्रेत्याच्या या कृत्याची टाटा मोटर्सला माहिती होती असे दाखवलेले नसल्यामुळे उत्पादक कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. दुकानात घडलेला दोष दुकानदाराचा आणि कारखान्यात घडलेला कंपनीचा, अशी विभागणी न्यायालय काटेकोरपणे करते. एकालाच पक्ष केले आणि जबाबदारी दुसऱ्याची निघाली तर सगळी धडपड वाया जाते.

८. आयोगापर्यंतची वाट

पहिले पाऊल आयोगाचे नसावे. आधी दुकानदार आणि कंपनी यांना बिलाची व पावत्यांची प्रत जोडून लेखी मागणी पाठवावी, उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत, आणि त्याबरोबरच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. या हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येते. तिला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण ती तक्रार थेट कंपनीच्या वरच्या कार्यालयापर्यंत पोचवते, आणि ओळखीच्या दुकानदाराशी भांडण न करताही येथे काम होऊ शकते. जुनी निष्ठा पत्रात एका वाक्यात जरूर नमूद करावी. कंपन्या कधीकधी हक्काबाहेर जाऊनही सवलत देतात, जशी वनप्लसने पडद्यावर हिरवी रेघ येणाऱ्या काही मॉडेलांसाठी २०२३ मध्ये भारतात वॉरंटी संपल्यानंतरही पडदा बदलून देण्याची तयारी दाखवली.

तेवढ्याने भागले नाही तर आयोग. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाचे, ५ लाखांपर्यंत शुल्क काही नाही, आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य पद्धतीने व्हावी अशी विनंती करण्याची सोय आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वरच्या उदाहरणात ती ४ मार्चपासून मोजणे सुरक्षित. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढवून मिळाल्यास आणखी १५ दिवस असतात, आणि ही ४५ दिवसांची मर्यादा ओलांडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितले आहे. तपासणी लागत नसल्यास तीन महिन्यांत आणि लागत असल्यास पाच महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात हा काळ बऱ्याचदा लांबतो, आणि हे मान्य करूनच ग्राहकाने मनाची तयारी ठेवावी.

मागणी पर्यायी स्वरूपात लिहावी: त्याच वर्णनाचा नवा निर्दोष फोन द्यावा, अथवा १६,००० रुपये खरेदीच्या तारखेपासून व्याजासह परत करावेत. दर साल ६ टक्के धरले तर वर्षाचे व्याज ९६० रुपये होते. त्यावर मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागावा. आदेश होऊनही पाळला गेला नाही, तर कमीत कमी एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० ते एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे, आणि या कलमाखाली अर्ज दाखल झाला की पुष्कळदा पैसे त्वरेने मिळतात.

९. बदलून मिळाल्यावर

प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा आकडी ओळखक्रमांक असतो आणि तारांकन, हॅश, शून्य, सहा, हॅश अशा कळा दाबल्या की तो पडद्यावर दिसतो. फोन बदलला की हा क्रमांक बदलतो, आणि मुख्य पाटी बदलल्यासही तो बदलू शकतो. परंतु मूळ बिलावर जुनाच क्रमांक राहतो. पुढे पुन्हा दोष आला, फोन चोरीस गेला किंवा विकायचा झाला, तर बिल एका फोनचे आणि हातातला फोन दुसराच, अशी विचित्र अवस्था होते. म्हणून नवा नग हाती घेताना नवा क्रमांक, बदलीची तारीख आणि वॉरंटी कोणत्या दिवसापर्यंत आहे या तीन गोष्टी दुकानाच्या किंवा सेंटरच्या शिक्क्यानिशी लिहून घ्याव्यात, आणि खोक्यावरील क्रमांक फोनमधील क्रमांकाशी तेथेच ताडून पाहावा. जुना नग परत देण्यापूर्वी त्यातील छायाचित्रे आणि संपर्क दुसरीकडे उतरवून, बँकेची व पैसे देण्याची ॲप बंद करून, सिमकार्ड काढून फोन कोरा करावा. तो चालूच होत नसेल, तर दुसऱ्या उपकरणावरून आपल्या खात्यात जाऊन त्या फोनवरील प्रवेश बंद करावा आणि आतील माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी सेंटरकडून पावतीवर लिहून घ्यावी.